टिकलीएवढी गळती

आमच्या गाडीखाली पडलेला पहिला लाल थेंब मला दिसला नाही, महानंदा मॅडमना दिसला. त्या आमच्या इमारतीच्या असोसिएशनच्या सेक्रेटरी. मंगळवारी सकाळी त्यांनी तळघरातल्या पार्किंगमध्ये त्या थेंबाचा फोटो काढला, मापासाठी शेजारी स्वतःच्या कपाळावरची टिकली काढून ठेवली आणि तो इमारतीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, ‘एकशे चार, गाडी तुमची. चोवीस तासांत खुलासा करावा.’ थेंब आणि टिकली एकाच मापाचे होते. यातलं गळतंय नक्की काय, अशी शंका सातव्या मजल्यावरच्या कुणीतरी लगेच विचारली.

मी बाळ. पन्नाशीला आलेल्या माणसाला स्वतःची अशी ओळख करून द्यावी लागते, त्याला माझा इलाज नाही. लग्नानंतर उल्काने पहिले आठ दिवस मला ‘अहो बाळ’ म्हणून पाहिलं, ते दोघांनाही झेपेना, तेव्हापासून आमचं ‘अरे’वर मिटलंय. पुणं सोडून बंगळुरात आलो त्याला अकरा वर्षं झाली. व्यवसायाने मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. म्हणजे यंत्र विकत घेतल्यावर खोक्यात जी पुस्तिका निघते आणि जी न वाचताच माणसं यंत्र सुरू करतात, ती. आजवर निदान चाळीस पुस्तिकांत मी ‘बोल्ट अति आवळू नये’ हे वाक्य लिहिलं आहे. ठळक अक्षरांत, पिवळ्या चौकटीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते कुणीतरी काढणारच.

आता गाडीबद्दल. फेब्रुवारीत फुटपाथची एक फरशी उल्काच्या पायाखाली फिरली आणि तिच्या डाव्या घोट्याचे तीन तुकडे झाले. एक पट्टी, सात स्क्रू. डॉक्टरांनी सांगितलं, चालाल, पण क्लच दाबायचा विसरा. म्हणून आमची जुनी गाडी विकून ही सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली. हिला डावा पाय लागतच नाही. उल्का दुपारच्या रिकाम्या तळघरात एकटी खांबाखांबांतून ती चालवायला शिकली. आठ महिने घरून काम केल्यावर दसऱ्यानंतरच्या सोमवारी तिला इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात हजर व्हायचं होतं. तिने जाहीरच केलं होतं, “मी स्वतः चालवत जाणार. कुणी सोडायला यायचं नाही, कुणी घ्यायला यायचं नाही.” महिनाभर ती त्या सोमवारची तारीख अशी बोलायची की जणू लग्नाची तारीख आहे. माझ्याकडे काम एकच होतं, सोमवारपर्यंत गाडीला हात न लावणं.

“टिकलीएवढं तर आहे,” उल्का म्हणाली. “गळू दे. खाली पुठ्ठा ठेव. सोमवारनंतर बघू.”

किती सोपं आणि शहाणपणाचं बोलली. मी ऐकलं नाही. तिला पहिल्याच दिवशी थेंब गळणाऱ्या गाडीतून पाठवायचं, हे माझ्या मनाला पटेना. आणि खरं सांगायचं तर आठ महिने तिच्या पायासाठी मी करण्यासारखं काहीच नव्हतं. गरम पाण्याचा टब भरून द्यायचा, एवढंच. हा थेंब मात्र माझ्या आवाक्यातला वाटला.

इंजिनचं तेल काळं असतं, म्हणजे लाल ते गिअरबॉक्सचं, एवढं मी इंटरनेटवरून शोधून काढलं. त्यावर शिक्कामोर्तब केलं जयतीर्थरावांनी. हे आमचे शेजारी, मूळचे धारवाडचे, बंगळुरातल्या पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं यंत्रं जुळवून निवृत्त झालेले. त्यांनी थेंब बोटावर घेतला, चोळला, हुंगला, आणि आता चाखणार की काय असं वाटत असतानाच म्हणाले, “गिअरबॉक्सचंच. जळका वास नाही. गिअरबॉक्सची तब्येत झकास आहे हो बाळराव. उगीच हात घालू नका.”

तेवढ्यात ग्रुपवर सल्ले सुरू झाले होते. कुणी म्हणालं लाकडाचा भुसा टाका, कुणी म्हणालं गाडी उतारावर लावा म्हणजे तेल दुसरीकडे जाईल. एकाने गाडी विकायचा सल्ला दिला आणि त्यालाच दुसऱ्याने विचारलं, तुमची पांढरी कितीला देताय. गॅरेजला फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, “सार, फेस्टिवल मुगीली, सण संपू दे. नेक्स्ट गुरुवार.” गुरुवार म्हणजे सोमवार उलटून गेल्यावर. मग मी ठरवलं की आपणच करायचं.

पण आमच्या तळघरात वाहनदुरुस्तीला मनाई आहे. परवानगी हवी तर असोसिएशनच्या अॅपवर अर्ज करावा लागतो. त्या अॅपमध्ये वाहनदुरुस्ती हा प्रकारच नाही, कारण तिला मनाई आहे. मी तासभर यादी खालीवर केली. पाळीव प्राणी, गोंगाट, लिफ्ट, गळती. गळतीवर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता प्लंबर हजर! तो आमच्या न्हाणीघरात शिरला, भिंत ठोकून पाहिली आणि दोन फरशा काढाव्या लागतील म्हणाला. त्याला कसाबसा तळघरात नेला. त्याने गाडीखाली बॅटरी मारली, जरा विचार केला आणि खिशातून नळाला लावायची पांढरी टेप काढली. मी नको म्हटल्यावर तो दुखावला. अॅपवर त्याने शेरा मारला, ‘ग्राहक सहकार्य करत नाही. काम पूर्ण.’ काम पूर्ण झाल्यामुळे माझा अर्जही आपोआप बंद झाला. ‘बंद’ ही एक प्रकारची मंजुरीच, असा अर्थ मी लावला.

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला मी गाडीची पुढची चाकं दोन लोखंडी उतारांवर चढवली, अंगावर जुना शर्ट चढवला आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेलो. पन्नाशीत माणूस गाडीखाली गेला की पहिली पाच मिनिटं नुसता पडून राहतो, बरं वाटतं. वर गिअरबॉक्सचं तळाचं ताट होतं, त्याला पॅन म्हणतात. पॅनच्या मधोमध तेल सोडायचा बोल्ट. आणि त्या बोल्टच्या टोकाला, नथीतल्या मोत्यासारखा, एक लाल थेंब लोंबत होता.

चोर सापडला! बोल्ट ढिला आहे, आवळला की झालं. मी पाना लावला आणि पाव फेरा दिला. बोल्ट छान घट्ट लागला. तिथेच थांबलो असतो तर ही गोष्ट झाली नसती. पण मनात आलं, सोमवारचा प्रश्न आहे, अजून थोडा. पान्याला मी घरून आणलेला पाइप लावला, त्याने जोर वाढतो, आणि दोन्ही हातांनी ओढलं. आधी जड गेलं, मग एकदम हलकं झालं. आवळता आवळता काम अचानक सोपं वाटायला लागलं तर माणसाने समजावं की आटे गेले. मला ते समजायला तीन सेकंद लागले. चौथ्या सेकंदाला बोल्ट माझ्या कपाळावर पडला आणि त्यामागून करंगळीएवढी लाल धार आली.

मी अंगठा भोकात घातला. हे कुठल्याच पुस्तिकेत लिहिलेलं नसतं, तरी माणसाला सुचतं. धार थांबली, पण आता मी अंगठ्यासकट गाडीला जोडला गेलो होतो. फोन डाव्या खिशात, उजवा अंगठा भोकात, डावा हात शर्टाखाली अडकलेला. “उल्का!” अशी हाक मारली, पण ती पहिल्या मजल्यावर होती. दहा मिनिटांनी पावलांचा आवाज आला. मी जोरात पाय हलवले.

आलेल्या महानंदा मॅडम होत्या. त्यांना काय दिसलं ते त्यांच्या बाजूने बघा. गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय, ते झटके देतायत, आणि आजूबाजूला लाल थारोळं. त्यांनी जी किंकाळी फोडली ती बाराव्या मजल्यापर्यंत गेली. मी आतून ओरडलो, “मॅडम, मी ठीक आहे!” पण मरणारी माणसं असंच म्हणतात अशी त्यांची समजूत असावी. त्या धावत गेल्या आणि भिंतीवरची काच फोडून आगीची घंटा दाबली. आमच्या इमारतीत ही घंटा आजवर तीन वेळा तपासणीसाठी वाजली आणि तिन्ही वेळा कुणी हललं नाही. त्या दिवशी मात्र झाडून सगळी इमारत खाली उतरली. एवढ्या लोकांसमोर अंगठा घालून पडून राहण्याचा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

उल्का काठी टेकत जिन्याने आली, घंटा वाजल्यावर लिफ्ट बंद होते म्हणून. तिने वाकून खाली पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं, तेलाकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती परत वर गेली, पुन्हा जिन्याने, आणि खाली आली तेव्हा कुणीतरी तिच्यामागे टब घेऊन येत होतं. रोज संध्याकाळी ती पाय शेकते तो निळा टब. तो भोकाखाली ठेवून मी अंगठा काढला. सोमवारचं गिअरबॉक्सचं तेल तिच्या टबात पडताना आम्ही दोघं ऐकत होतो.

“आता?” तिने विचारलं.

“करतो काहीतरी,” मी म्हणालो. यापेक्षा पोकळ वाक्य मी आयुष्यात लिहिलेलं किंवा बोललेलं नाही.

‘हात घालू नका’ हे आपण सांगितलं होतं, याची जयतीर्थरावांनी एकदाही आठवण करून दिली नाही. मी त्यांचा आजन्म ऋणी आहे तो मुख्यतः यासाठी. त्यांनी भोकात बोट घालून आटे चाचपले आणि म्हणाले, “साफ गेले. भोक एक नंबर मोठं करून नवे आटे पाडायचे आणि तेवढ्या मापाचा नवा बोल्ट लेथवर काढायचा. पीण्यात आपला देवाप्पा आहे. अर्ध्या तासाचं काम. पॅन तेवढा खोला.” मग अठरा बोल्ट मी त्यांच्या देखरेखीखाली काढले. प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर त्याच्या जागच्या क्रमाने टोचून ठेवायला लावला त्यांनी, आणि पाइप माझ्या हातातून काढून स्वतःच्या काखेत धरला. पॅन निघाल्यावर म्हणाले, “उद्या सकाळी जाऊ.” आणि लगेच कपाळावर हात मारला. “अरे देवा. उद्या आयुधपूजा.”

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं, अवजारं पुजतात, पण बंगळुरात हा दिवस ज्या थाटात होतो तो पाहिल्याशिवाय कळत नाही. लेथपासून लॅपटॉपपर्यंत ज्याच्यावर पोट आहे ते सगळं धुवायचं, त्याला हार घालायचा, कुंकू भरलेला कोहळा फोडायचा, आणि मग त्या दिवशी त्याला विश्रांती द्यायची. आमच्या तळघरात शनिवारी सकाळी एकूण एक गाडीची पूजा झाली. पॅन काढलेल्या, उतारावर चढलेल्या माझ्या गाडीलाही महानंदा मॅडमनी झेंडूचा हार घातला आणि चाकांखाली लिंबं ठेवली. इतर गाड्या लिंबं चिरडून पुढे सरकल्या. माझी जागेवरच. “पुढच्या वर्षी सरकेल,” कुणीतरी म्हणालं.

तरीही आम्ही निघालो. देवाप्पा निदान पाहून तरी ठेवेल, असं जयतीर्थरावांचं म्हणणं. पॅन कापडी पिशवीत घालून कोननकुंट्याहून मेट्रो पकडायची होती. स्टेशनवर तपासणीच्या यंत्रात पिशवी गेली आणि यंत्र थांबलं. पहारेकऱ्याने तेलकट पॅन बाहेर काढला. “इदु एनु सार?” हे काय आहे, असं त्याने मला विचारलं. माझं कानडी भाजीपुरतं आहे. मी ‘गिअरबॉक्स’, ‘आटे’ आणि ‘बायको’ हे तीन शब्द हातवाऱ्यांनी जोडायचा प्रयत्न करत होतो, तेवढ्यात जयतीर्थरावांनी पॅन उलटा केला. त्याच्या तळाला त्यांनी सकाळीच हळदकुंकू वाहून एक फूल चिकटवलं होतं. पहारेकऱ्याने ते पाहिलं, बूट काढून पॅनला नमस्कार केला आणि आम्हाला सोडलं. सीटवर बसल्यावर मी म्हटलं, “तुम्हाला कसं सुचलं?” ते म्हणाले, “सुचायचं काय त्यात? मनापासून वाहिलं होतं हो.”

पीण्यात देवाप्पांची शेड म्हणजे एक लग्नघरच झालं होतं. दाराला केळीचे खुंट, लेथला झेंडूची माळ, ड्रिल मशीनला गंध, खाली फोडलेल्या कोहळ्याचे लाल तुकडे. स्क्रू ड्रायव्हर, पाने, हातोड्या सगळे पाटावर मांडून त्यांच्यासमोर चुरमुऱ्याचा नैवेद्य. देवाप्पा साठीचे, निपाणीकडचे. त्यांच्या पत्नी गंगव्वा तिथेच गॅस्केट, म्हणजे सांध्यातून तेल झिरपू नये म्हणून बसवायच्या पट्ट्या, कापायचं काम करतात.

“या की वो सायेब, बसा,” देवाप्पा अस्सल मराठीत म्हणाले. “चुरमुरं खावा आदी.” मग त्यांनी पॅन हातात घेतला, भोकाच्या कडेवरून नख फिरवलं, मी आणलेला बोल्ट आणि त्याची वॉशर उजेडात धरली. बराच वेळ बघून म्हणाले, “ह्यो गळत नव्हताच की.”

“म्हणजे?”

“वॉशर बगा, कोरडी ठणठणीत. तेल वरनं कुठनं तरी येत हुतं, पॅनवरनं घरंगळत ह्येच्या टोकाला जमत हुतं. बोल्टचा काय दोष न्हाई. तुमी उगं त्येला मारलासा.”

मी जयतीर्थरावांकडे पाहिलं. ते चुरमुरे निवडत होते. “मला स्वल्प शंका होती,” ते म्हणाले.

थोडक्यात, माझ्या हातून निर्दोष बोल्टचा खून झाला होता. पण त्यावर दुःख करायलाही वेळ नव्हता. मी विचारलं, “आज होईल का?”

देवाप्पांनी लेथकडे पाहिलं. “आज कसं हुईल? आज ती निजल्यात. उद्या दसऱ्याला पूजा सोडवायची, मगच हात लावायचा. आनि उद्या पयलं काम त्ये.” त्यांनी बोट दाखवलं. लेथशेजारी पाटावर एक लांबलचक चकचकीत शाफ्ट, म्हणजे यंत्राचा दांडा, ठेवला होता, त्यालाही कुंकू. एका मोठ्या कारखान्याचं काम. पूजेनंतर यंत्रावर जे पहिलं काम चढतं त्याच्यावर पुढचं सबंध वर्ष अवलंबून, म्हणून ते महिनाभर आधी ठरतं. त्या शाफ्टला अख्खा दिवस लागणार होता. म्हणजे माझा पॅन सोमवारी.

मी वाद घातला नाही. आमच्या घरीही खंडेनवमीला कातरीला कुणी हात लावत नसे. पण उठताना माझ्याच्याने राहवलं नाही. मी सरळ सांगून टाकलं. पायाचं, सात स्क्रूंचं, रिकाम्या तळघरात खांबांतून गाडी फिरवण्याचं, सोमवारचं. पाइप लावून ओढल्याचंही सांगितलं. परक्या माणसासमोर, चुरमुऱ्याची वाटी हातात धरून, तेही. जयतीर्थराव दुसरीकडे बघत राहिले.

बोलल्या त्या गंगव्वा. नवऱ्याशी त्या कानडीत काहीतरी भराभर बोलल्या, मग उठल्या, पाटावरचा शाफ्ट दोन्ही हातांनी उचलून त्यांनी भिंतीशी उभा केला आणि रिकाम्या जागी माझा पॅन ठेवला. वर एक फूल.

“उद्या साताला या,” देवाप्पा म्हणाले. “पयलं काम तुमचं. शाफ्टवाले थांबतील चार तास.”

ज्या माणसाला आपण पाऊण तासापूर्वी पहिल्यांदा भेटलो त्याने स्वतःचं सगळं वर्ष आपल्या पॅनवर ठेवावं, याचे आभार मानायचा शब्द मला तरी ठाऊक नाही. मी पुस्तिका लिहिणारा माणूस, मी म्हणालो, “सूचनेप्रमाणे सातला येतो.”

रविवारी सातला नारळ फुटला, माळ बाजूला झाली आणि लेथ फिरायला लागली. लोखंडाचा एक तुकडा बघता बघता बोल्ट झाला. देवाप्पांनी भोक मोठं करून नवे आटे पाडले. गंगव्वांनी ब्लाउजचं कापड बेतावं तसा पॅन कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली आणि नवं गॅस्केट कापून दिलं. निघताना दोघांनी आमच्या हातावर बन्नीची पानं ठेवली, म्हणजे आपलं सोनंच. “वैनींस्नी सांगा, सावकाश चालवा. आनि तुमी,” देवाप्पा मला म्हणाले, “बोल्ट लागला की हात काढायचा.” नवा बोल्ट त्यांनी जयतीर्थरावांकडे दिला.

घरी आलो तर नवाच पेच. जुनं तेल टबात जाऊन मातीमोल झालं होतं, आणि दसऱ्याला सुट्या भागांची दुकानं पूजेपुरती उघडून बंद झालेली. महानंदा मॅडमना हे कळलं. शुक्रवारच्या किंकाळीपासून त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘या नंबरचे लाल तेल कुणाकडे असल्यास ताबडतोब एकशे चारकडे जमा करावे. कारण विचारले जाणार नाही.’ आणि काय आश्चर्य, अर्ध्या तासात तीन वेगवेगळ्या मजल्यांवरून चार सीलबंद डबे खाली आले. तिघेही गृहस्थ खालमानेने डबे ठेवून गेले. या तिघांनीही कधी ना कधी घरच्या घरी गळती दुरुस्त करायचं ठरवलं होतं आणि ऐन वेळी माघार घेतली होती. इतकी शहाणी माणसं माझ्या इमारतीत राहतात याची मला कल्पना नव्हती. जयतीर्थरावांनी भिंगातून चारही डब्यांवरचे नंबर ताडून पाहिले.

पॅन बसवताना मला फक्त बॅटरी धरायची परवानगी होती. खरी गळती वरच्या एका रबरी नळीच्या क्लिपपाशी सापडली. जयतीर्थरावांनी स्क्रू ड्रायव्हरने अर्धा फेरा दिला आणि हात काढला. “बास,” ते म्हणाले. सहा दिवस, एक प्लंबर, एक आगीची घंटा, दोन मेट्रोप्रवास आणि एका मोठ्या कारखान्याचा शाफ्ट, आणि दुरुस्ती काय, तर अर्धा फेरा!

तेल भरल्यावर गाडी उतारांवरून खाली घेऊन, इंजिन गरम करून सगळे गिअर एकेकदा टाकून तेलाची पातळी बघावी लागते. उल्का स्टिअरिंगवर बसली. शुक्रवारपासून ती पहिल्यांदा गाडीत बसत होती. उजवा पाय ब्रेकवर ठेवून तिने दांडा एकेक घर खाली आणला, प्रत्येक घरात थोडी थांबत. जयतीर्थरावांनी दोनदा मापाची पट्टी काढून दाखवली, दुसऱ्यांदा बरोबर आली. मग महानंदा मॅडमनी कोहळ्यांच्या कुंकवाने लाल झालेली आमची जागा दोनदा धुऊन घेतली आणि स्वतःच्या घरची पांढरीशुभ्र चादर आणून गाडीखाली अंथरली. “उद्या सकाळी ही कोरडी पाहिजे,” त्या म्हणाल्या. संध्याकाळभर माणसं येऊन वाकून बघून जात होती. साडेसहाला कुणीतरी ओरडलं. चादरीच्या कडेला एक लाल ठिपका! जयतीर्थरावांनी ठिपका बोटावर घेतला, चोळला, हुंगला. “कुंकू,” ते म्हणाले. टायरमधून गळलं होतं. मी तिथेच खाली बसलो.

सोमवारी सकाळी आठला उल्का खाली आली. निळा कुडता, खांद्याला ऑफिसची बॅग. मी म्हटलं, “फाटकापर्यंत तरी बसू का शेजारी?” ती म्हणाली, “नको.” मग माझा चेहरा बघून म्हणाली, “नको रे,” तेवढं जरा मऊ. काठी मागच्या सीटवर टाकून ती बसली. जयतीर्थराव होते, महानंदा मॅडम होत्या, तेलाचे तिन्ही दाते होते, आणखी पाचसहा जण सहज म्हणून आले होते. गाडी सुरू झाली आणि चादरीवरून हळूच पुढे गेली.

चादर मोकळी झाल्याबरोबर आम्ही सगळे एकदम वाकलो. जयतीर्थरावांनी भिंग काढलं. इंच इंच पाहिलं. पांढरी, कोरडी, एक डाग नाही. महानंदा मॅडमनी चादरीवर तळहात फिरवून तो सगळ्यांना दाखवला. टाळ्या पडल्या. कुणीतरी मला मिठी मारली. जयतीर्थरावांचे डोळे मी पाहिले, ते ओले होते. मी त्यांचा हात धरला आणि मग आठवलं, वर पाहिलं, तर फाटक बंद झालेलं होतं आणि गाडी कधीच गेली होती.

ज्या एका क्षणासाठी आठवडाभर हे सगळं केलं तो माझ्या पाठीमागे होऊन गेला होता. मी हातसुद्धा केला नव्हता. लिफ्टपाशी उभा राहून मी स्वतःला बरंच काही बोललो.

सव्वानऊला तिचा फोन आला. “पोचले.”

“सॉरी,” मी म्हणालो. “आम्ही सगळे त्या चादरीकडे...”

“मी आरशात बघितलं,” ती म्हणाली. “दहाबारा माणसं वाकलेली, आणि एकाचंही तोंड माझ्याकडे नाही.”

“अगं, माझ्या लक्षातच...”

“ऐक ना.” तिच्यामागे ऑफिसची गडबड ऐकू येत होती. “आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणी माझ्या पायाकडे बघत नव्हतं. मी फाटकातून बाहेर पडेपर्यंत हसत होते.”

तिला मीटिंग होती, तिने फोन ठेवला. मग मी खाली गेलो, महानंदा मॅडमची चादर घडी करायला घेतली, आणि जयतीर्थरावांनी दुसरी दोन टोकं धरली.